दक्षिण फ्रान्समधल्या शांत खेड्यात आईवडिलांसोबत राहायचं असेल तर कुठे जावं?

चार-पाच दिवस, प्रोव्हान्सची गर्दी नको, फ्रेंच येत नाही आणि सगळे शाकाहारी, असं तुम्ही लिहिलंय. मी नोकरीनिमित्त तुलूझला राहतो. मला कुणीही हे विचारलं की मी लोत्रेकचंच नाव घेतो.

तार्न भागातलं हे टेकडीवरचं गाव. आल्बीपासून साधारण 30 किलोमीटर, कास्त्रपासून 15. आल्बीत जन्मलेले चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक यांच्या आडनावातलं लोत्रेक ते हेच. दक्षिणेत देखणी गावं पुष्कळ आहेत, पण त्यातली कितीतरी उन्हाळ्यात पर्यटकांसाठी उघडतात आणि एरवी दारं-खिडक्या लावून बसतात. लोत्रेकमध्ये मात्र शेती जिवंत आहे आणि ती आहे लसणाची. इथल्या गुलाबी लसणाला 1966 मध्ये ‘लाबेल रूज’ हा दर्जाचा शिक्का मिळाला, 1996 मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन.

लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. मे संपता संपता फुलाचे दांडे येतात आणि ते एकेक करून हाताने काढावे लागतात, म्हणजे सगळा जोर गड्ड्यात उतरतो. काढणी जूनअखेर ते जुलै. मग लसूण टांगून वाळवायचा, वरचे मळके पापुद्रे सोलायचे आणि दांड्यांसकट जुड्या बांधायच्या. या जुडीला तिथे ‘मानूय’ म्हणतात. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी लसणाचा उत्सव असतो. तो बघण्यासारखा आहे, पण त्या दिवशी शांतता विसरा.

गावात पायी हिंडा. लाकडी खांबांवर पुढे आलेली जुनी घरं, तटबंदीचा उरलेला दरवाजा, आणि वर चढून गेलं की पवनचक्की. तिथून दक्षिणेला मोंतान्य न्वारचे डोंगर दिसतात. चढ दगडी आहे, आईवडिलांना सावकाश न्या. ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा सुटला असेल तर वर जाणं दुसऱ्या दिवसावर टाका, तो भलताच जोरात वाहतो.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. लसणाआधी या मुलखाची श्रीमंती पास्तेल या पिकावर होती. त्याची पानं दळून गोळे करायचे, त्यातून निळा रंग निघायचा. 15व्या-16व्या शतकात या रंगाच्या व्यापाऱ्यांनी तुलूझमध्ये वाडे बांधले. ओतेल दासेझा हा त्यातलाच, अजूनही उभा आहे. पुढे 1562 पासून फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात धर्मयुद्धं पेटली, आणि समुद्रमार्गे भारतातली नीळ येऊ लागली. पास्तेलचा धंदा बसला. आल्बीला जाताना दोन्ही बाजूंच्या शेतांकडे बघत आईवडिलांना हे जरूर सांगा.

आता जेवणाचं. खाणावळींवर भिस्त ठेवू नका. हा बदकाचा मुलूख आहे, बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. लसणाच्या प्रसिद्ध सूपमध्ये अंडं असतं, शिवाय ते कधी कोंबडीच्या रश्शात शिजवतात. चीजमध्ये बरेचदा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं, अगदी रोकफोर या प्रसिद्ध चीजमध्येही. म्हणून स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर, म्हणजे ‘झीत’, घ्या. डाळ, तांदूळ, मसाले तुलूझहून न्या. शुक्रवारी सकाळी गावात बाजार भरतो, भाजी आणि फळं तिथे घ्या.

भाषेची चिंता करू नका, पण दुकानात शिरताच ‘बाँझूर’ म्हणा. न म्हणता थेट वस्तू मागितली तर तो उद्धटपणा वाटतो. दुपारी बारा ते दोन-अडीच बहुतेक सगळं बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारीही बरंच बंद, तेव्हा सामान आधीच भरून ठेवा. गाडी हवीच. तुलूझहून कास्त्रपर्यंत रेल्वे आहे, पण पुढे बसच्या भरवशावर वडीलधाऱ्यांना घेऊन फिरणं त्रासाचं होईल. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून आणा.

जुलै-ऑगस्टमध्ये झीत बहुधा शनिवार ते शनिवार, पूर्ण आठवड्यासाठीच देतात. तुम्हाला चार-पाच दिवसच राहायचंय, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा धरा. शेतात दांडे काढायचं काम चालू असतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण उरकूनही सगळ्यांना निवांत चक्कर मारता येईल.