रिफर्बिश्ड फोन नव्याइतका भरवशाचा असतो का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला जात आहे. तिच्यासाठी तीन वर्षांपूर्वीचा, पण वरच्या श्रेणीतला एक ‘रिफर्बिश्ड’ फोन मूळ किमतीच्या जवळपास निम्म्यात, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह मिळतो आहे. तो नव्यासारखा टिकेल का, की तेवढ्याच पैशांत साधा पण नवा फोन घ्यावा?
– एक पालक, सांगली

उत्तर : ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे वापरलेला, पण तपासून व गरजेप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला फोन; मात्र हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. अमेरिकेत अ‍ॅपल स्वतः असे आयफोन विकते, तेव्हा त्यांत नवी बॅटरी व नवे बाह्य आवरण असते आणि वर्षभराची वॉरंटीही मिळते. वापरलेले आयफोन भारतात आणून विकण्याची कंपनीची विनंती मात्र केंद्र सरकारने २०१६ मध्ये नाकारली. आपल्याकडे हे काम मुख्यतः इतर विक्रेते करतात, त्यामुळे कसून तपासलेला फोन आणि नुसता पुसून नव्या खोक्यात घातलेला फोन एकाच नावाने विकले जाऊ शकतात.

फोनचा मुख्य सर्किट बोर्ड सहसा वापराने झिजत नाही. झिजते ती बॅटरी. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज-फेऱ्यांनंतर (एक फेरा म्हणजे बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतका वापर) मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवलेल्या आहेत, म्हणजे रोज एक फेरा धरला तर हा टप्पा दीड वर्षाच्या आतच येतो. तीन वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी बदललेली नसेल, तर तो खर्च तुमच्याच माथी येणार. बदललेली असली तरी ती अस्सल आहे का, हे विचारायलाच हवे. आमच्या घरी आणलेल्या अशाच एका फोनची स्क्रीन चौथ्या महिन्यात एका कोपऱ्यातून उचलली गेली आणि रात्री त्या फटीतून उजेड दिसू लागला. आतली स्वस्तातली बॅटरी फुगली होती. शिवाय फोन एकदा उघडला की पाणी अडवणारे सील पूर्वीसारखे राहीलच असे नाही, त्यामुळे जाहिरातीतल्या जलरोधकतेवर विसंबून तो पावसात बाहेर काढू नये.

दुसरी बाब सुरक्षा-अपडेट्सची, आणि दुकानदार ती बहुधा आपणहून सांगत नाही. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ या मालिकांना सात वर्षांच्या अपडेट्सचे आश्वासन आहे. अनेक जुन्या मॉडेल्सना त्याहून बरेच कमी, आणि ही वर्षे तुमच्या खरेदीपासून नव्हे, तर मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात.

तेव्हा अस्सल नव्या बॅटरीची नोंद बिलावर मिळत असेल आणि अपडेट्सची किमान तीन वर्षे शिल्लक असतील, तर साध्या नव्या फोनपेक्षा मी हाच घेईन. एरवी नवा घ्यावा. पैसे देण्यापूर्वी फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा, तोच बिलावर लिहून घ्या आणि तुमच्यासमोर फोन पूर्ण रीसेट करायला लावा. त्यानंतर फोनने आधीच्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागितला, तर व्यवहार तिथेच थांबवा.