कच्चा विजया अर्क आणि ‘ॲक्टिव्हेटेड’ अर्क यांत नेमका फरक काय? आईच्या गुडघेदुखीसाठी कोणता घ्यावा?

विजया म्हणजे भांगच. फरक एका कार्बन डायऑक्साइडचा: ‘ॲक्टिव्हेटेड’ म्हणजे तापवून तो काढून टाकलेला अर्क. ताज्या पानाफुलांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, जवळजवळ नसतंच. असतं ते त्याचं आम्लरूप, टीएचसीए, आणि ते चढत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते टीएचसी. ते चढतं. रेणुभार ३५८ वरून ३१४ वर येतो, म्हणून हिशेबात टीएचसीएचा आकडा ०.८७७ ने गुणतात. सीबीडी हे भांगेतलं दुसरं द्रव्य. सीबीडीए-सीबीडीचंही हेच, फक्त नशा दोन्हींत नाही.

मी महाप्याला औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. भांगेशी कामाचा काही संबंध नाही, पण तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, डोळ्यांसमोर आले.

सासूबाईंच्या गुडघ्यांवर आमच्या नौपाड्याच्या घरात प्रत्येकाचं मत आहे. भाऊजींनी कुठूनसा ‘कच्चा अर्क, नशा नाही’ असं लिहिलेला विजयाचा अर्क आणला. लेबल खोटं नसावं, कारण थेंब थेंब घेत होत्या तोवर सासूबाईंना काही झालं नाही. पण चव कडू, त्या तोंड वाकडं करायच्या. घरात डिंकाचे लाडू चालले होते. जाऊबाईंनी डिंक फुलवून काढला, आणि कढईतलं तूप धुरावत असतानाच भाऊजींनी त्यात अर्धी बाटली ओतली. ‘अगं, नैसर्गिक आहे ते!’

लाडू खाल्ल्यावर तासाभराने सासूबाई साबणाच्या जाहिरातीला खदखदा हसायला लागल्या. मग तोंडाला कोरड, छातीत धडधड, आणि सगळ्यांना जवळ बोलावून ‘मी आता जाते, कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे.’ रात्र हॉस्पिटलात गेली. ईसीजी ठीक निघाला, सकाळी त्यांनी चहा मागितला, आणि घरी येताच किल्लीची जागा बदलली.

कढईत जे व्हायचं ते झालं होतं. तापलेल्या तुपात हे रूपांतर बघता बघता होतं, शिवाय टीएचसी स्निग्ध पदार्थात छान विरघळतं. पोटातून गेलं की यकृतात त्याचं ११-हायड्रॉक्सी रूप बनतं, तेही जोरदार. परिणाम उशिरा दिसतो, म्हणून माणूस ‘काहीच होत नाही’ म्हणत दुसरा लाडू उचलतो. भाऊजींचं निदान मात्र आजही एकच: सुंठ जास्त झाली.

त्यांचं दुसरं पालुपद, ‘आयुर्वेदात कच्चंच देतात, तुम्हा केमिस्ट लोकांना काय कळणार?’ साफ चूक. भांगेच्या शोधनात, म्हणजे औषधाआधीच्या शुद्धीकरणात, पानं पाण्याने धुणं, दुधात शिजवणं (स्वेदन), गाईच्या तुपात परतणं हे सगळं येतं. वैद्यांनी चुलीचा विचार केला होता, भाऊजींनी केला नाही. लेबलवरचं ‘कच्चा’ बाटली गरम होईपर्यंतच खरं. उन्हात किंवा जुनी होत पडून राहिली तरी हळूहळू तोच बदल होत राहतो.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडे लॅब रिपोर्ट मागा. त्यात टीएचसीए आणि टीएचसी वेगवेगळे दिलेले हवेत. तपासणी एचपीएलसीवर (द्रवात विरघळवून घटक वेगळे करणारं यंत्र) झालेली बरी, कारण साध्या जीसीत (वायुरूपात वेगळे करणारं यंत्र) नमुना तापतो आणि आम्लरूप मशीनमध्येच बदलतं. रिपोर्ट नाही म्हणाला तर सरळ दुकानाबाहेर पडा. मी हे तेव्हाही म्हटलं होतं, तर ‘प्रत्येक गोष्टीला तुझा कागद लागतो’ असं ऐकावं लागलं.

गुडघ्यांसाठी कोणता? माझ्या मते कोणताच नाही. सीबीडीचा पक्का पुरावा आहे तो काही दुर्मिळ अपस्मारांत (फिट्सच्या आजारांत). अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली तीही त्यासाठीच. गुडघेदुखीत तसं काही हाती नाही. वैद्यांनी लिहून दिलं तर गोष्ट वेगळी, पण स्वतःच्या मनाने नको. भांग औषध नियमांतल्या ई(१) यादीत, म्हणजे देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांत आहे, बाटलीवर वैद्यकीय देखरेखीची सूचना उगाच छापत नाहीत. गांजा तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात येतो, त्या वाटेला जाऊच नका.

आणि हे आधी लिहायला हवं होतं: आईला वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातला थेंबही देऊ नका, गोळीचा परिणाम वाढू शकतो. सासूबाईंना तीच गोळी चालू होती. विकणाऱ्याने विचारलं नाही, आणि भाऊजींनी सांगितलं नाही.