दोन शिक्षकी शाळेत गाणं आणि चित्रकलेला वेळ द्यावा का? दिला तर कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट साठच्या आत आहे आणि शिक्षक दोन. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीसाठी गाण्याचे आणि चित्रकलेचे तास काढून टाकले आहेत. कलेचा खरंच उपयोग होतो का, आणि पैसा नि कलाशिक्षक दोन्ही नसताना पालकांनी नेमकं काय मागावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी वेळेचा हिशोब बघा, कारण बैठकीत पहिला आक्षेप तोच येणार. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हावं लागतं. आठवड्याला 35 मिनिटांचे दोनच तास धरले तर साधारण 33 आठवड्यांत साडेअडतीस तास होतात. म्हणजे 800 तासांच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी. एवढ्या वेळाने कुणाची शिष्यवृत्ती बुडत नाही. शिवाय प्रगतिपत्रकात कलेची श्रेणी द्यावीच लागते. तास न घेता ती श्रेणी कशावरून भरली जाते, हा प्रश्न पालकांनी शांतपणे विचारायला हरकत नाही.

आता उपयोगाबद्दल. ‘गाणं शिकलं की गणितात गुण वाढतात’ असं सांगून कलेचा तास मागू नका. मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते ही समजूत 1993 च्या एका अमेरिकी प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवर झाला होता आणि त्यात दिसलेला परिणाम थोड्या मिनिटांत ओसरणारा होता. लहान मुलांशी त्याचा काही संबंध नव्हता. जास्त भरवशाचा पुरावा ह्यूस्टनच्या सरकारी शाळांमधला आहे, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे 42 शाळा आणि दहा हजारांवर मुलं होती, आणि कलेचा कार्यक्रम कोणत्या शाळांना द्यायचा हे सोडत काढावी तसं ठरवलं होतं. ज्या शाळांना कार्यक्रम मिळाला तिथे शिस्तभंगाचे प्रकार कमी झाले, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याविषयीची कळकळ वाढली. गणित, वाचन आणि विज्ञानाच्या गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. हे जसं आहे तसंच सांगा. गुणांचं आश्वासन देऊन मिळवलेला तास पुढच्या निकालाला पुन्हा जातो.

आपल्या भागात मला आणखी एक कारण फार महत्त्वाचं वाटतं. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. पुस्तकात ती मागे पडलेली असतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून गप्प बसतात. लेझमीच्या ओळीत किंवा समूहगानात मात्र ती त्याच दिवशी बाकीच्यांच्या बरोबरीने उभी राहू शकतात. शाळेत दुसरा कुठलाही तास त्यांना ही संधी देत नाही.

एक गोष्ट स्पष्ट ठेवा: स्नेहसंमेलन म्हणजे कलाशिक्षण नव्हे. स्पीकरवरच्या गाण्यावर निवडक दहा-बारा मुलांनी महिनाभर पावलं घोटायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, यात शाळेतलं बहुसंख्य मूल काहीच शिकत नाही. मागणी करायची ती प्रत्येक मुलाच्या, दर आठवड्याच्या तासाची.

गाण्यासाठी सुरुवात परिपाठापासून करा, कारण तो रोज होतोच. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं आहे आणि त्याची चाल मंद्र निषादापासून (खालचा नी) तार षड्जापर्यंत (वरचा सा) जाते. बहुतेक शाळांत मुलं मनाला येईल त्या उंच सुरात सुरू करतात आणि शेवटाकडच्या उंच ‘जय हे’ला आवाज फाटतो. तिथे मुलं ओरडतात ती बेशिस्त म्हणून नव्हे, सुरुवातच उंच झालेली असते म्हणून. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा काळी एक षड्ज धरा, वरचा सूर बहुतेक मुलांच्या आवाक्यात येतो. पेटी नसेल तर मोबाइलवरचं तंबोऱ्याचं मोफत ॲप चालेल. पुरुष शिक्षकाने स्वतः गाऊन सूर देऊ नये. त्यांचा आवाज एक सप्तक खाली असतो आणि पहिली-दुसरीची मुलं त्याची नक्कल करत घशातून घुमायला लागतात. सूर एखाद्या मुलीला किंवा मुलाला द्यायला सांगा.

नवीन गाणं शिकवताना क्रम असा ठेवा: दोनदा नुसतं ऐकायचं, एकदा ओठ मिटून मनात म्हणायचं, मग हळू आवाजात एकेक ओळ. ‘जोरात म्हणा’ हे वाक्य वर्गातून हद्दपार करा. जोर आला की मुलाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, शेजाऱ्याचा येत नाही, आणि सूर तिथेच सुटतो. ज्याचा सूर लागत नाही त्याला मागे उभं करण्याची सवय तर क्रूर आहे. त्याला चांगल्या सुराच्या मुलाशेजारी बसवा. सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांचा सूर नुसत्या ऐकण्याने काही महिन्यांत जागेवर येतो.

वाद्यं विकत घेण्याआधी गावात विचारा. भजनी मंडळाकडे पेटी, पखवाज आणि टाळ असतात, वाजवणारेही असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आठवड्यातून एकदा मंडळातलं कोण येणार, कोणत्या वारी, किती वाजता, हे ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या. बाहेरची व्यक्ती वर्गात असताना शिक्षकाने वर्गात थांबायचंच, हेही त्याच ठरावात हवं. शाळेची पेटी असेल तर ती भिंतीतल्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. उंदीर भाता कुरतडतात, पावसाळ्यात दमटपणाने सूर चिकटतात. भाता मिटवून, कापडात गुंडाळून वरच्या कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा. कातडी हलगीही पावसात सैल पडते. मुलांच्या हाती द्यायला फायबरची बरी, तिला शेकावं लागत नाही.

शिष्यवृत्तीची काळजी असलेल्या शिक्षकांना मी एक प्रयोग नक्की सुचवेन, कारण त्यात अपूर्णांकच शिकवले जातात. 75 सेंमी लांब आणि किमान 2 सेंमी जाड फळी घ्या. दोन टोकांना स्क्रू मारून तंबोऱ्याची पोलादी तार ताणा. तारेखाली दोन लाकडी पट्ट्या एकमेकींपासून बरोबर 60 सेंमीवर ठेवा. फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवली की आवाज मोठा होतो. पूर्ण तार छेडली की तो आपला षड्ज. आता तिसरी पट्टी एका टोकाच्या पट्टीपासून मोजत सरकवत न्या आणि मोजलेला भागच छेडा: 48 सेंमीवर (चार पंचमांश) गंधार, 45 वर (तीन चतुर्थांश) मध्यम, 40 वर (दोन तृतीयांश) पंचम, 30 वर (निम्मी) तार षड्ज. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. फळी पातळ असली तर ताणाने वाकते आणि तार उतरत राहते. सरकती पट्टी फार उंच असली तर तार जास्त ताणली जाते, सूर चढतो आणि मापं चुकीची वाटतात. ती बाकीच्या पट्ट्यांपेक्षा कागदाच्या एक-दोन घड्यांइतकीच उंच ठेवा.

तारेसाठी मिरज जवळच आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सहल काढायचीच तर वॉटर पार्कऐवजी तिथल्या कारागिरांची वेळ आधी मागून घ्या आणि दहा-पंधरा मुलांच्या तुकडीने जा, कामाच्या खोल्या लहान असतात. कडू भोपळा कसा निवडतात आणि घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जवारी कशी काढतात, म्हणजे झंकारासाठी ती कशी घासतात, एवढं जरी पाहिलं तरी पुरे. चित्रांसाठी सातारा जिल्ह्यातलं औंधचं श्री भवानी संग्रहालय गाठा, तिथे राजा रवि वर्मा यांची मूळ चित्रं आहेत. पण सगळी दालनं पळत दाखवू नका. तीनच चित्रं निवडा आणि प्रत्येकापुढे मुलांना पंधरा मिनिटं बसवा. उजेड कुठून पडतोय, कोण कुणाकडे बघतंय, एवढंच विचारा.

चित्रकलेच्या तासाला सगळ्यात मोठं नुकसान फळ्यावरच्या डोंगर-सूर्य-घराने होतं. मुलं बघायची थांबतात आणि उतरवायला लागतात. त्याऐवजी खिडकीजवळ तांब्या किंवा पाटी-दप्तर ठेवा, म्हणजे एका बाजूने उजेड येईल, आणि दिसतं तेच काढायला सांगा. पहिली-दुसरीला जाड मेणखडू द्या, पेन्सिल आणि खोडरबर दिलं की निम्मा तास खोडण्यात जातो. पाठकोरे कागद भरपूर चालतात. मोठ्या चित्रांसाठी रंग शाळेतच करता येतो: गेरू, पिवळी माती, कोळशाची वस्त्रगाळ पूड किंवा नीळ, चार चमचे पुडीला एक चमचा फेविकॉल आणि लागेल तेवढं पाणी. वाळल्यावर बोट फिरवा. पूड बोटाला लागली तर चिकटद्रव्य कमी पडलं, रंग चमकून तडकला तर जास्त झालं. पांढऱ्यासाठी खडूची पूड वापरा. भिजवलेला कळीचा चुना मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, डोळ्याला इजा होते.

पुढे हायस्कूलला गेल्यावर हीच मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देऊ शकतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याचे नियम मात्र वेळोवेळी बदलतात, चालू परिपत्रक हायस्कूलमधून पाहून घ्या. सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर कलेसाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद कायद्यातच आहे. तुमची शाळा त्यात बसत नाही, म्हणून तिथे त्या कलमावर अर्ज करून वेळ घालवू नका.

मागणी लेखी करा आणि तीनच ओळींची ठेवा: वेळापत्रकात आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास (शनिवार सोडून इतर वारी); शाळेच्या संयुक्त अनुदानातून (शाळेला खर्चासाठी मिळणारा सरकारी निधी) कागद आणि रंग; भजनी मंडळाच्या वेळेचा ठराव. शनिवार सोडून म्हणण्याचं कारण असं की सकाळच्या शाळेत तास लहान असतात आणि काहीही निघालं की पहिला बळी त्याच दिवशीच्या कलेच्या तासाचा जातो. दोन महिन्यांनी वह्या पाहायला मागा. सगळ्यांच्या वहीत एकसारखंच चित्र दिसलं तर तास होतोय पण फळ्यावरून उतरवणं सुरू आहे असं समजा, आणि तेवढ्यापुरतं शिक्षकांशी बोला.