गणपतीत ठरलेली सिमल्याची सहल

रत्नागिरी
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

काल विसर्जनाहून परतताना तू म्हणालीस, "काका, वाडीतली चौदा माणसं सिमल्याला न्यायची ठरलीत आणि सगळं माझ्या गळ्यात पडलंय." तेव्हा कपडे ओले होते, मागे ढोल चालला होता, धड बोलता आलं नाही. म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो. एसटीत प्रासंगिक कराराचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. वऱ्हाडाच्या आणि सहलीच्या गाड्या त्यावरूनच सुटायच्या. निवृत्त झाल्यावर आळीतल्या मंडळींना घेऊन चार वेळा हिमाचलात गेलो. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगतो.

आधी तारीख. मे महिन्यात जाऊ म्हणणारे तुला भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. मे महिन्यात इथे बागा सोडून कोण येणार, आणि तेव्हा सिमल्यात उभं राहायला जागा नसते. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या शहरात प्यायच्या पाण्याचीही टंचाई झाली होती. जुलै-ऑगस्ट तर नकोच. २०२३ च्या पावसात तिथल्या दरडींनी किती माणसं नेली, आणि काल्का-सिमला रेल्वेचा रूळ कसा अधांतरी लोंबकळत होता, ते तूही टीव्हीवर पाहिलं असशील. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धर. आपली भातं कापून, झोडून घरात आलेली असतात, दिवाळी उरकलेली असते, आणि तिथे हवा इतकी स्वच्छ असते की लांबची बर्फाची शिखरं दिसतात. मात्र पायाखाली बर्फ मिळेल असं कुणाला कबूल करू नकोस. बर्फ बहुधा डिसेंबरअखेरनंतरचा. हे मुलांना आत्ताच सांग, म्हणजे तिथे तोंडं उतरणार नाहीत. आणखी एक, तिथे त्या दिवसांत साडेपाचलाच अंधारून येतं. आपल्याकडच्या सवयीने सहापर्यंतचे बेत आखू नकोस.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला. म्हणजे तुझ्या हातात फार दिवस नाहीत. गोवा संपर्क क्रांती रत्नागिरीला थांबते आणि थेट चंदीगडला जाते, पण ती रोज नसते, म्हणून आधी तिचे वार बघ आणि मग बाकीचं जुळव. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. चौदा माणसांची सहा-सहा-दोन अशी विभागणी तुला सोपी वाटेल. तसं करू नकोस. खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे, तो ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी आहे, आणि तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसं असतील तरच लागू होतो. तेव्हा म्हाताऱ्यांची तिकिटं दोघादोघांची वेगळी काढ. त्यांचा डबा कधी वेगळा येईल, तर तुमच्यातल्या एकाने रात्री जेवणं झाल्यावर तिकडे जाऊन पांघरूण घालून द्यावं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. तेही आधीच सांगून टाक, नाहीतर तिकिटाची रक्कम ऐकून वाद होतो.

चंदीगडला पोचल्यावर त्याच रात्री डोंगर चढायचा नाही. मुक्काम करा आणि सकाळी काल्क्याहून छोट्या गाडीने वर जा. ९६ किलोमीटरला पाच तास लागतात, म्हणून तरुण मंडळी कुरकुरतील. पण काल्का साडेसहाशे मीटरवर आणि सिमला साधारण २२०० मीटरवर. हा चढ शरीराला हळूहळू चढू दे. समुद्रसपाटीवर जन्म गेलेल्या माणसाला ते बरं पडतं. शिवाय आपल्या कुंभार्ली घाटात ज्यांना उलटी होते, त्यांना रेल्वे बहुधा सोसते. वाटेत बडोगचा बोगदा लागेल, १.१ किलोमीटरचा. आपल्या माणसांना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ठाऊक, त्यामुळे लांबीचं काही वाटणार नाही. पण ही रेल्वे १९०३ सालची आहे, हे मुलांना सांग. तो बोगदा खणताना दोन्ही बाजूंची तोंडं जुळेनात, तेव्हा भलकू नावाच्या तिथल्याच एका माणसाने वाट दाखवली असं सांगतात. सिमल्यात त्याच्या नावाचं रेल्वे संग्रहालय आहे, तेही दाखव.

आता हॉटेल. इथे मी चुकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. पहिल्या खेपेला मी फोनवर बजावलं, "आमच्यात तीन म्हातारी माणसं आहेत, त्यांना तळमजल्यावरच खोल्या द्या." समोरून "जी, बिल्कुल" असं उत्तर आलं. पोचलो तर रस्ता वर आणि हॉटेल खाली उतारावर. आत शिरायचं तो सगळ्यात वरचा मजला, आणि तळमजला तिथून चार जिने खाली. नानांचे गुडघे त्याच वर्षी दुखायला लागले होते. चहाला वर यायचं म्हणजे चार जिने, जेवायला पुन्हा चार जिने. त्या हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं. तू मजला विचारूच नकोस. विचार, "गाडी उभी राहते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती? चढायच्या की उतरायच्या?" आकडा घे आणि वहीत लिही. माल रोड म्हणजे तिथला मुख्य बाजाररस्ता, त्यावर गाड्या जात नाहीत, त्यामुळे "मालच्या अगदी जवळ" म्हणजे कधीकधी शंभर पायऱ्या असतात. खालच्या कार्ट रोडवरून मालवर जायला लिफ्ट आहे, ती म्हाताऱ्यांना दाखवून ठेव. सामान उचलायला काश्मिरी हमाल मिळतात, त्यांना तिथे खान म्हणतात. मजुरी आधी ठरव आणि घासाघीस फार करू नकोस. खोलीतल्या हीटरचे पैसे वेगळे आहेत का आणि गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, हेही विचारून घे.

आता जे सांगतो ते नीट वाच.

तिसऱ्या खेपेला आम्ही बावीस जण होतो. त्यात पलीकडच्या घरातल्या काकू होत्या, वय बासष्ट, घराबाहेर फार न पडलेल्या. त्या वेळी चंदीगडहून सरळ गाडीने वर गेलो. वाटेत मी दोनदा गाडी थांबवली आणि विचारलं, "कुणाला उतरायचंय का?" काकू म्हणाल्या, "मला नको हो, मी बसते." दुसऱ्या दिवशी सिमल्याजवळच्या कुफ्रीला जाताना तेच. फिरून आल्यावर संध्याकाळी मालवर चढताना त्या पायरीवर बसल्या आणि तशाच कलंडल्या. हात गार, ओठ फुटलेले. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?" काकू माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "अर्धा कप चहा." घरून निघाल्यापासून त्या पाणीच पीत नव्हत्या. एवढ्या माणसांची गाडी आपल्यासाठी कशी थांबवायची, आणि थांबली तरी तिथे आडोसा असेल की नाही, म्हणून. त्या कोरड्या थंड हवेत तहानही लागत नाही, त्यामुळे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सलाइन लावलं, रात्रीत बऱ्या झाल्या. दोन्ही दिवस मी प्रत्येक थांब्यावर डोकी मोजत होतो. बावीस भरत होती.

तेव्हापासून मी "कुणाला उतरायचंय का?" हा प्रश्न टाकला. तूही विचारू नकोस. सांगायचं, "गाडी इथे वीस मिनिटं थांबणार, सगळ्यांनी उतरायचं." दर दोन तासांनी. जागा आधीच चालकाला विचारून ठरवायची, आणि गाडी थांबली की तुमच्यातल्या एका मुलीने आधी जाऊन संडास पाहून यायचा. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, नाव लिहिलेली. संध्याकाळी बाटल्या बघ, कुणाची भरलेलीच राहिली ते लगेच दिसतं. आपल्या बायकांना "काय हवंय" विचारलं की "काय नको गो बाय" हेच उत्तर येतं. दुसऱ्यांदा, बाजूला नेऊन विचारलं की खरं सांगतात.

जाण्याआधी एक कर. दिवाळी झाली की एका रविवारी चौदाही जणांना रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापर्यंत चालत ने. कोण कुठे थांबतो, कोण छातीवर हात ठेवतो, कोण दम लागला तरी हसून "काही नाही" म्हणतो, ते मागे राहून बघ. सिमल्यातला तुझा दिवस त्या सगळ्यात मागच्या माणसाच्या चालीने आख. बूट ज्यांना नवे घ्यायचे आहेत त्यांनी तेव्हाच घ्यावेत आणि सड्यावर रोज अर्धा तास चालून पाय बसवून घ्यावा.

सिमला-मनाली एकदम करू असा आग्रह होईल. नाही म्हण. चार रात्री, एक गाव, एक हॉटेल. एक दिवस नारकंड्याकडे, एक दिवस जाखूची टेकडी आणि व्हाइसरॉयचा जुना वाडा, आणि एक अख्खी सकाळ मोकळी. रिजवर, म्हणजे मालजवळच्या मोकळ्या पटांगणात, ऊन खात बसायला चौदांतल्या निदान सहा जणांना मनातून हवं असतं, पण आखणीत ते कुणी लिहीत नाही. जाखूला रोपवे आहे, म्हाताऱ्यांना त्यानेच ने. तिथली माकडं डोळ्यांवरचा चष्मा ओढतात. वर पोचण्याआधी सगळ्यांचे चष्मे पिशवीत, आणि ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांचा हात कुणीतरी धरलेला.

कपड्यांचं थोडक्यात. एक जाड कोट घेण्यापेक्षा अंगाला लागून इनर, वर स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. रात्री पारा ५-६ अंशांवर येतो. लोकरीचं सगळं इथे विकत घेऊ नका, पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांकडे मागा, उरलेलं तिथल्या बाजारात मिळतं. खोबरेलाची बाटली मात्र घरीच राहू दे. आपल्याकडे पौषातल्या पहाटेला गोठतं ते तेल तिथे दिवसभर दगड होऊन बसतं, बाटलीतून थेंब निघत नाही. त्याऐवजी कोकमाच्या तेलाचा गोळा प्रत्येकाला द्या. चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरला की वितळतो, रात्री टाचांना आणि ओठांना लावायचा. आणि भात कच्चा लागला तर हॉटेलवर चिडायचं नाही. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ-तांदूळ शिजायला वेळ लागतो. राजमा-चावल मागवा, मऊ असतो.

पैसे दोन हप्त्यांत गोळा कर, पहिला तिकिटाआधी. आयत्या वेळी कुणी गळलं तर हॉटेलचा त्याचा वाटा परत मिळणार नाही, हे सगळ्यांसमोर, देवळात बसून सांग. एकेकट्याला सांगितलं की प्रत्येकाच्या लक्षात वेगळं राहतं. वही तू ठेवू नकोस, दुसऱ्या कुणाकडे दे. तुला माणसं सांभाळायची आहेत.

येत्या रविवारी सकाळी यादी घेऊन ये. प्रत्येकाच्या नावापुढे वय, आधार कार्डावर असतं तसंच नाव, आणि रोजची गोळी कोणती ते लिहून आण. गोळ्यांची पाकिटंच बघून लिही, सांगतील त्यावर जाऊ नकोस. तुझ्या आजीचं नाव यादीत नाही असं परवा कळलं. ती "मला झेपायचं नाही" म्हणाली असेल. तिला पुन्हा एकदा विचार, माजघरात कुणी नसताना.

तुझा,
आबाकाका