पुस्तकाला बसणे

ताई, माझे वय 48. बदलापूरला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. सकाळी सात चाळीसला घर सोडते, रात्री आठच्या सुमारास परतते. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयातून रोज एक पुस्तक बदलून आणत असे. ग्रंथपालकाका विचारत, ‘अगं, वाचतेस की नुसती पाने उलटतेस?’ आज माझ्याकडे विकत घेतलेली साठ-सत्तर पुस्तके आहेत आणि त्यांतील निम्मी उघडलेलीसुद्धा नाहीत. जानेवारीत मैत्रिणींच्या गटात ‘वर्षभरात 50 पुस्तके’ असा संकल्प सोडला. आतापर्यंत तीन झाली. एक आठशे पानांची कादंबरी सहा वेळा सुरू केली आणि सहाही वेळा त्रेचाळिसाव्या पानाच्या आसपास अडकले. खूण म्हणून लोकलचा जुना त्रैमासिक पास घातला आहे, त्याची मुदत संपूनही दोन वर्षे झाली. रात्री वाचायला घेतले की दहा मिनिटांत अक्षरे पुसट होतात आणि डोळे मिटतात. फोन मात्र रोज अडीच तास पाहते, हे फोननेच मला सांगितले. रविवारी दुपारी पुस्तक घेऊन बसले, तर यजमान हसून विचारतात, ‘आता कसली परीक्षा आहे तुझी?’ सासूबाई रोज सकाळी गजानन विजय ग्रंथाचा एक अध्याय वाचतात, तेव्हा घरात कोणी त्यांना हाक मारत नाही. मी कादंबरी उघडली की मात्र स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज वाढतो. मग मीच उठते. वेळ कसा काढावा ते सांगा, नाहीतर हा नाद सोडून द्यावा असे तरी सांगा.
— पान 43

प्रिय ‘पान 43’,

नाद सोडण्याचे मी सांगणार नाही, आणि सांगितले तरी तुमच्याने ते होणार नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या ग्रंथपालांचे वाक्य जिला आजही जसेच्या तसे आठवते आणि पत्राखाली जी नावाऐवजी पानाचा क्रमांक घालते, त्या बाईचा नाद शाबूत आहे. तेव्हा वेळेबद्दलच बोलू. पण त्याआधी थोडे डोळ्यांबद्दल.

दहा मिनिटांत अक्षरे पुसट होतात, ही नोंद तुम्ही थकव्याच्या खात्यावर टाकून पुढे गेला आहात. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि त्यामुळे वाचनाचा नंबर पन्नाशी उलटल्यावरही अधूनमधून बदलत राहतो. फोनवरचे अक्षर बोटाने मोठे करता येते आणि त्याला मागून उजेडही असतो. छापील कादंबरीच्या बारीक टायपाला यांपैकी एकही सोय नसते. परिणामी डोळे बिचारे सोप्या गोष्टीकडे वळतात आणि आपण ‘माझी एकाग्रताच गेली’ म्हणून स्वतःला बोल लावत बसतो. मी स्वतः दीड वर्ष असा बोल लावून घेतला; मग एकदा चष्म्याच्या दुकानात सहज तपासले, तर नंबर दीडवरून सव्वादोनवर गेलेला होता. तुम्ही या शनिवारी डोळे तपासून घ्या, आणि छताच्या दिव्यावर विसंबून न राहता खांद्यामागून थेट पानावर उजेड पडेल असा एक छोटा दिवा आणा. सल्ला स्तंभात असे काही लिहिणे रुक्ष वाटते खरे, पण कित्येकांचे वाचन मनाच्या आधी डोळ्यांपाशी अडते, असा माझा अनुभव आहे.

आता वेळ. गेल्या वर्षी मला एका निवृत्त गृहस्थांचे पत्र आले होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ‘पुढे निवांत वाचू’ म्हणून दोन कपाटे पुस्तके जमवली, आणि आता सकाळपासून रात्रीपर्यंत सगळा दिवस हाताशी असताना महिन्याकाठी एक पुस्तकही पुरे होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचे पत्र आणि तुमचे पत्र शेजारी ठेवून वाचले, तेव्हा दोघांची सवय एकच असल्याचे लक्षात आले. आधी सगळे आटोपायचे आणि मग वाचायचे, असा दोघांचाही नेम आहे. त्यांना बँक, दुधाचा हिशेब, सोसायटीची सभा आटोपायची असते; तुम्हाला डबे, ओटा, दुसऱ्या दिवशीची भाजी. आणि संसारात ‘सगळे आटोपले’ असा क्षण येत नाही. आलाच तर तो रात्री साडेअकराला येतो, जेव्हा पुस्तक उशीच्या जागी बरे वाटते.

फोनचे अडीच तास तुम्ही कबुलीजबाबासारखे सांगितले आहेत. त्याबद्दल रागावण्याची माझी इच्छा नाही, कारण ते अडीच तास सलग नसतात. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधील चार मिनिटे, उद्वाहनाची वाट पाहतानाची दोन मिनिटे, अंथरुणावर पडल्यावरची वीस मिनिटे, अशी ती मोड जमलेली असते. या सगळ्या मोडीची नोट करून मिळत नाही. मला फोनबद्दल दुसरेच काही सांगायचे आहे. बाईच्या हातात फोन असला की तिला हाक मारावी, कारण ती तो खाली ठेवून लगेच उठेल, असे घराने धरून ठेवलेले असते. तिच्या हातात पुस्तक आले की ती आता कोठेतरी दूर गेली, हे घराला बरोबर कळते आणि तेच खुपते. फोनवर तुम्ही अडीच तास घालवता तेव्हा भांड्यांचा आवाज वाढतो का? वाढत नसावा. मग त्या आवाजाचे भांडण तुमच्या वेळेशी नाही, तुमच्या दूर जाण्याशी आहे.

हे काही आजचे नाही. 1873 साली अकरा वर्षांच्या असताना लग्न होऊन महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आलेल्या रमाबाईंना पतीने लिहा-वाचायला शिकवायला घेतले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या टोमण्यांना त्यांना किती वर्षे तोंड द्यावे लागले, हे 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत वाचायला मिळते. त्या घरात निदान नवरा बाजूचा होता. तुमच्या घरी उघड विरोध कोणाचाच नाही, फक्त एक विनोद आहे आणि एक आवाज आहे, आणि या दोन गोष्टींना उत्तर देणे विरोधाला उत्तर देण्यापेक्षा अवघड असते, हे मी मान्य करते.

पण उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सासूबाई पोथी वाचतात तेव्हा त्यांना कोणी हाक मारत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते कशामुळे, याचा विचार करून पाहा. पोथीचे पावित्र्य हे एक कारण झालेच. पण त्याखेरीज त्यांची वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि एक अध्याय संपला की त्या उठणार हे घरातील लहानमोठ्या सगळ्यांना ठाऊक आहे. 21 अध्यायांचा तो ग्रंथ त्या तीन आठवड्यांत पुरा करतात आणि बहुधा पुन्हा पहिल्यापासून लावतात. कोणी त्यांना किती झाले असे विचारत नाही आणि त्याही मोजत नाहीत. शिवाय त्या आधी घरातले आटोपून मग पोथीला बसत नाहीत. पोथी होते आणि मग दिवस सुरू होतो. तुम्ही मात्र मिळेल तेव्हा, मिळेल तेथे, अर्धे लक्ष स्वयंपाकघराकडे ठेवून, चोरट्यासारखे वाचता. चोरट्याला कोणीही उठवू शकते.

म्हणून माझे म्हणणे असे, की तुम्ही पुस्तकाला बसा, जशा सासूबाई पोथीला बसतात. रविवारी दुपारी तीन ते चार ही वेळ घ्या किंवा तुमच्या सोयीची दुसरी घ्या, परंतु ती दर आठवड्याला तीच ठेवा. खिडकीजवळची एक खुर्ची ठरवा. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. आणि ही गोष्ट घरात रविवारी नव्हे, तर मधल्या एखाद्या वारी, सगळे जेवायला बसलेले असताना साध्या आवाजात सांगून टाका. ‘रविवारी तीन ते चार मी वाचणार आहे, चारला चहा मीच टाकेन,’ एवढे वाक्य पुरे. परवानगी मागू नका, कारण मागितली की ती मिळते आणि मिळालेली वस्तू परतही घेता येते. पहिल्या दोन-तीन रविवारी भांडी वाजतील. उठू नका. तुम्ही उठत नाही आणि चारला चहाही होतो, हे दोन्ही दिसले की आवाज हळूहळू खाली येईल.

यजमानांच्या विनोदाला विनोदानेच उत्तर द्या. ‘परीक्षा नाही म्हणून तर वाचतेय’ असे हसून म्हणता येईल, आणि तेच खरेही आहे. रविवारच्या पुरवण्या ते स्वतः वाचत असतील, तर त्यांच्या त्या तासाला घरात कोणी काय म्हणते, हेही एकदा पाहून ठेवा. बोलून दाखवायची गरज नाही. सासूबाईंशी मात्र थोडे बोलावे, असे मला वाटते. जी बाई रोज एक अध्याय वाचल्याशिवाय चहा घेत नाही, तिला पुढे काय होते याची ओढ अपरिचित नसते. एखाद्या दिवशी त्यांच्याजवळ बसून तुमच्या पुस्तकातील एखादे प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आपल्याकडे एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ही रीत जुनी आहे, आणि ज्यांच्या कानावर ते प्रकरण पडले, त्या पुढच्या आठवड्यात ‘मग त्या मुलीचे काय झाले’ असे विचारल्याशिवाय राहत नाहीत. असे झाले नाही तरी बिघडत नाही; तुमचा तास तुमच्याकडे राहीलच.

आठवड्यातील एका तासाने भूक भागणार नाही, हे मला कळते. म्हणून रोजची वीस मिनिटे शोधली पाहिजेत आणि ती रात्री नकोत. पत्रात गाडीचा उल्लेख तुम्ही पासापुरताच केला आहे, पण बदलापूरहून सुटणारी गाडी पकडत असाल तर सकाळी बसायला मिळत असेल, असे गृहीत धरते. डब्यातील मैत्रिणी सोडून पुस्तकात डोके घाला, असे मी सांगणार नाही. त्या गप्पा, ती निवडलेली भाजी, तो डब्यातला हळदीकुंकवाचा समारंभ यांनी अनेकींचे आयुष्य सुसह्य केले आहे. फक्त कल्याण येईपर्यंतचा वेळ स्वतःसाठी ठेवा. पुढे गर्दी चढली, चौथ्या सीटवर कोणी टेकले, की पुस्तक बंद करून गप्पांत सामील व्हा. वीस मिनिटांत साधारण दहा पाने होतात, म्हणजे अडीचशे पानांचे पुस्तक महिनाभरात संपते. हा हिशेब तुम्ही लेखा विभागातील आहात म्हणून एकदा मांडून दाखवला. पुन्हा मांडू नका. संध्याकाळी परतताना उभे राहावे लागत असेल तर कानात ऐकण्याचे पुस्तक लावा. मराठीत आता कथा-कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रिते पुष्कळ मिळतात, आणि ऐकणे हे वाचन नव्हे असे कोणी म्हणालेच, तर पोथी ऐकणाऱ्यांच्या पिढ्या त्याला दाखवा.

त्या 50 पुस्तकांच्या संकल्पाचे विसर्जन करा, तेही आजच. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या बाईने रात्री पुन्हा आकडाच गाठायला बसावे, यात सुख कोठले? तो आकडा मनात असला की माणूस बारीक पुस्तके निवडतो, वर्णने गाळतो आणि आवडलेल्या पानावर परत जायला धजत नाही. गटातील मैत्रिणींना सांगा, की मी स्पर्धेतून बाहेर पडले, पण तुम्ही काय वाचता ते ऐकायला आवडेल.

आणि हो, वाचनालय. तुमच्याकडे साठ-सत्तर पुस्तके असताना हे सांगणे विचित्र वाटेल, परंतु विकत घेतलेले पुस्तक वाट पाहत राहते आणि वाचनालयाचे पुस्तक ठरल्या तारखेला परत मागते. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या त्या तारखांच्या कागदाला मी फार मानते. कोणाच्या तरी हातात हे पुस्तक आपल्या आधी होते आणि कोणीतरी आपल्यानंतर त्याची वाट पाहत आहे, ही जाणीव घरच्या कपाटात मिळत नाही. आपल्याकडे ही सोयही जुनी आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 साली सुरू झाले, मुंबईचे 1898 साली, आणि 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यातील गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागल्याने बहुतेक ठिकाणी वर्गणी आजही नाटकाच्या एका तिकिटाहून कमी असते. न वाचलेले पुस्तक दंड भरून परत करावे लागले, तरी भरा. संसाराच्या ऐन धबडग्यात मी अशी कित्येक पुस्तके नुसती घरी आणून परत केली आहेत. पण ती ने-आण चालू होती म्हणूनच पुढे एके दिवशी त्यांतले एक उघडले गेले.

सुरुवात कशाने करावी, असे तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. ज्याने पूर्वी तुम्हाला रात्रभर जागवले, त्या जातीचे काहीतरी घ्या, मग ती रहस्यकथा असो वा विनोदी लेखांचा संग्रह, आणि ‘या वयात हे वाचायचे का’ हा प्रश्न घरच्या कोणी विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारू नका. दिवाळी अंकही या कामाला उत्तम. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अनेक मराठी वाचकांची वाचनाची गोडी दिवाळी अंकांनीच राखली आहे, एक कथा गाडीत संपते, आवडली नाही तर पान उलटून पुढच्या लेखावर जाता येते, आणि ठरावीक रक्कम भरून महिनोन्‌महिने अंक बदलून नेण्याची योजना बरीच वाचनालये चालवतात.

राहिली ती आठशे पानांची कादंबरी. सहा वेळा त्याच पानावर अडलात, याचा अर्थ ते पुस्तक थोर नाही असा होत नाही आणि तुम्ही आळशी आहात असाही होत नाही. तुमचे आणि त्याचे सध्या जमत नाही, इतकेच. ते उशाशी ठेवू नका, कारण रोज रात्री ते तुम्हाला जाब विचारते आणि त्याच्या भिडेने तुम्ही दुसरे काही उघडत नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवा, किंवा ज्याला हवे आहे त्याला देऊन टाका. देण्याआधी तेवढा जुना पास त्यातून काढून घ्या. उद्या सकाळी गाडीत लागेल.

तुमची,
ताई