ऐन गिऱ्हाइकीत विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसचं स्कॅन, लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचा पीसी अडकतो. मायक्रोसॉफ्टला सूचना कशी पाठवू?

विंडोज आणि एफ एकत्र दाबा, मायक्रोसॉफ्टला सूचना पाठवायचं फीडबॅक हब उघडेल. 'पीसी स्लो आहे' एवढ्यावर कुणी ढुंकूनही बघणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' (म्हणजे डिफेंडरच) याच्यासमोरचा सीपीयूचा आकडा, वेळ, रॅम, हार्ड डिस्क की एसएसडी, हे लिहा. स्क्रीनशॉट जोडा. मागणी एकच ठेवा: स्कॅनची वेळ साध्या सेटिंगमध्ये निवडता यावी.

तोवर टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणारं विंडोजचं साधन) मायक्रोसॉफ्ट, विंडोज, मग विंडोज डिफेंडर असं आत जाऊन 'शेड्युल्ड स्कॅन'ला गिऱ्हाईक कमी असतानाचा, समजा दुपारी 2 चा ट्रिगर (सुरू व्हायची वेळ) द्या. रात्रीची वेळ दिलीत आणि मेन स्विच पाडून घरी गेलात, तर त्या वेळी स्कॅन कसलं होतंय! आणि बिलिंगचा अख्खा फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (स्कॅनमधून वगळायच्या यादीत) टाकू नका. तिथं शिरलेली फाइल मग स्कॅनमध्ये तपासलीच जात नाही.