इन्क्लुजन बॉडीतून कामाचं प्रथिन: वाचकांचे प्रश्न

ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं आमचं जवळपास सगळं प्रथिन इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे पेशीतल्या चुकीची घडी बसलेल्या प्रथिनाच्या घट्ट गुठळीत, जातं. बॅच टाकून द्यावी का?

मुळीच नको. तिथे ते दाट, बऱ्यापैकी शुद्ध आणि प्रोटिएजपासून (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमपासून) बरंचसं सुरक्षित असतं. फिलग्रास्टिम हे औषध याच वाटेने तयार होतं. पेशी फोडल्यावर पेलेट (तळाशी बसलेला साका) ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने धुवा, मग ट्रायटन जाईपर्यंत साध्या बफरने. धुण्यात घाई केलीत तर पुढे त्रास ठरलेला.

८ मोलर युरियात प्रथिन उलगडून विरघळतं, पण युरिया काढायला डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून युरिया बाहेरच्या बफरमध्ये जाऊ देणं) लावलं की पिशवीत पांढरा साका बसतो. काय चुकतंय?

बहुधा प्रथिन फार दाट आहे. घडी बसणं, म्हणजे प्रथिनाला योग्य आकार येणं, हे एकेकट्या रेणूचं काम, गुठळीला मात्र किमान दोन रेणू भेटावे लागतात. त्यामुळे प्रथिन दुप्पट दाट केलं, तर घडी बसण्याचा वेग दुप्पट होतो आणि गुठळ्यांचा चौपट किंवा त्याहून जास्त. शिवाय डायलिसिसमध्ये युरिया सावकाश उतरतो आणि अर्धवट उलगडलेलं प्रथिन मधल्या टप्प्यावर रेंगाळतं. चिकटतं ते तिथेच.

त्याऐवजी युरियातलं प्रथिन भरपूर थंड बफरमध्ये, हलकं ढवळत, हप्त्याहप्त्याने सोडा. घडी बसलेले रेणू नव्यांशी सहसा चिकटत नाहीत. गुठळ्या टाळायला बफरमध्ये ०.५ मोलर आर्जिनीन (एक अमिनो आम्ल) घाला आणि शेवटची तीव्रता मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे १० ग्रॅम प्रथिनाला किमान १०० लिटर बफर! टाकीचा हिशेब आधीच करा.

द्रावण नितळ, जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) एकच पट्टा, तरी एन्झाइम काम करत नाही. असं का?

नितळ द्रावण म्हणजे योग्य घडी नव्हे. प्रथिनात सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) असतील तर पहिला संशय डायसल्फाइड बंधांवर, म्हणजे दोन सिस्टीनमधल्या जोडांवर, घ्या. रिबोन्यूक्लिएज या एन्झाइममधल्या आठ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, त्यातला एकच प्रकार बरोबर. डीटीटी हे क्षपणकारक घालून उकळलेल्या नमुन्यात हे बंध तुटतात, म्हणून जेलवर सगळं ठीक दिसतं. शेजारच्या लेनमध्ये डीटीटीशिवायचा नमुना चालवा. रिफोल्डिंगच्या (पुन्हा घडी बसवण्याच्या) बफरमध्ये क्षपित आणि ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोन दोन्ही हवेत, पीएच ८ च्या आसपास, म्हणजे चुकलेले बंध सुटून पुन्हा जुळू शकतात. उतारा (हाती आलेलं योग्य प्रथिन) क्रियाशीलतेवरच मोजा, असा माझा आग्रह आहे.

लवकर विरघळावं म्हणून युरियाचं द्रावण तापवलं तर चालेल?

नाही. युरियातून सायनेट तयार होतं आणि ते प्रथिनातल्या लायसिनला (एका अमिनो आम्लाला) चिकटतं. द्रावण ताजंच वापरा.